अंथरुणांची मोजणी

मच्छरदाण्यांचा पहिला ट्रक नांदेडच्या गोदामाला लागला तेव्हा मृग लागून चार दिवस झाले होते आणि रात्रीचे अकरा वाजून गेले होते. ताडपत्रीच्या खोलगट भागात पावसाचे पाणी साचले होते आणि फाळका उघडताच ते वरच्या थरावर सांडणार हे दिसत होते. म्हणून हमालांच्या मुकादमांनी आधी दोन माणसे वर चढवून ताडपत्री रस्त्याच्या बाजूला कलती करवली, पाणी वाहू दिले, आणि मगच वाराईचा, म्हणजे माल उतरवण्याच्या मजुरीचा, दर बोलायला सुरुवात केली. चालक बिल्टी, म्हणजे मालाच्या वाहतुकीची पावती, हातात धरून घाई करीत होता, कारण पहाटेपर्यंत गाडी रिकामी करून त्याला परतीचा माल धरायचा होता. मी दारातल्या दिव्याखाली वही उघडून बसले होते. एका गाठीत ५० मच्छरदाण्या आणि गाठीचे वजन साधारण २५ किलो. हे गोदाम एरवी कापसाच्या हंगामात भरते आणि तिथल्या दाबलेल्या कापसाच्या गाठी १७० किलोच्या असतात, त्यामुळे हमालांना हा माल फारच हलका वाटला. पहिली गाठ पाठीवर घेताना एक तरुण हमाल म्हणाला, "ताई, ह्याच्यात काय हवा भरलीय का?" मी त्याला सांगितले की ह्यात १०० माणसांची झोप आहे. तो क्षणभर थांबला आणि गाठ पाण्यापासून सांभाळून आत घेऊन गेला.

माझे वडील मोंढ्यात एका अडत दुकानावर मुनीम होते. शाळा सुटल्यावर मी दुकानाच्या गादीवर बसून अभ्यास करीत असे आणि समोर हळद, तूर, हरभऱ्याच्या पोत्यांच्या थप्प्या लागत आणि मोडत असत. थप्पी कशी मोजायची हे मी तिथे शिकले. लांबीला किती, रुंदीला किती, उंचीला किती, आणि वरचा अर्धवट थर नेहमी वेगळा मोजायचा. भिंतीपासून हातभर अंतर सोडायचे, म्हणजे माणसाला थप्पीभोवती फिरता येते आणि मागच्या बाजूची पोकळी लपत नाही. खाली लाकडी फळ्या घालायच्या, कारण आपल्याकडच्या फरशीला पावसाळ्यात पाझर फुटतो. बिल्टीवरचा आकडा वडील शेवटी पाहत. आधी स्वतः मोजत, स्वतःचा आकडा लिहीत, आणि त्यानंतरच बिल्टीची घडी उघडत. पुढे मी आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या एका संस्थेत लागले आणि शासनाच्या हिवताप यंत्रणेला मच्छरदाणी वाटपात साहाय्य करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा डास आणि परजीवी यांविषयी मला पुष्कळ वाचावे लागले. गोदामाविषयी मात्र फारसे वाचावे लागले नाही.

या कामाला कागदावर 'पुरवठा समन्वय आणि तांत्रिक साहाय्य' असे म्हणतात. जिल्ह्याच्या गोदामातून तालुक्याला, तालुक्यातून प्राथमिक आरोग्य केंद्राला, तिथून उपकेंद्राला, उपकेंद्रातून गावच्या शाळेत किंवा अंगणवाडीत आणि तिथून घरी असा मच्छरदाणीचा प्रवास असतो. प्रत्येक टप्प्यावर चलन होते, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही होते, शिल्लक लिहिली जाते. हे सर्व ऐकायला रुक्ष वाटते याची मला कल्पना आहे. तरीही मी या रुक्ष कामाविषयीच लिहिणार आहे, कारण मच्छरदाणीविषयी जे काही लिहिले जाते त्यात ती एखाद्या घरी आपोआप येऊन टांगली गेल्यासारखी असते.

माझे आजोळ किनवट तालुक्यात. डोंगर, सागाचे जंगल, खाली पैनगंगेचे खोरे, पलीकडे यवतमाळ जिल्हा आणि पूर्वेला तेलंगणातले आदिलाबाद. मराठवाडा म्हटले की कोरडा माळ आणि टँकर डोळ्यांपुढे येतात, पण मराठवाड्याचा हा कोपरा वेगळा आहे. इथे गोंड, कोलाम, आंध, प्रधान यांची गावे आणि बंजारा तांडे आहेत, पावसाळ्यात ओढे-नाले वाहतात, आणि पाऊस ओसरल्यावर त्यांच्या पात्रांत डबकी राहतात. हिवतापाचा परजीवी वाहून नेणाऱ्या अॅनोफिलीस जातीच्या डासांपैकी खेड्यापाड्यांत मुख्य असलेला क्युलिसिफेसीस अशाच स्वच्छ, संथ पाण्यात वाढतो. हा डास गटारात वाढतो असे अजूनही पुष्कळ शिकलेली माणसे समजतात. मी नऊ वर्षांची असताना दिवाळीच्या सुट्टीत आजोळी मला एकांतरा ताप आला होता. एक दिवस हुडहुडी भरून दात वाजत, आजी अंगावर एकावर एक वाकळा टाकून स्वतः त्यांवर हात दाबून बसत असे. दुसऱ्या दिवशी मी अंगणात खेळत असे आणि तिसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा थंडी येत असे. एक कर्मचारी सायकलवरून येऊन बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घेऊन गेला. त्याने दिलेल्या गोळ्यांची कडू चव अजून जिभेवर आहे. आजोळच्या चौकटीशेजारी भिंतीवर फवारणीच्या तारखा रंगाने लिहिलेल्या असत, जुन्या पुसट आणि नव्या ठळक, आणि आजी दिवाळीला भिंत सारवताना त्या तारखांवरूनही हात फिरवीत असे.

ती फवारणी ज्या कार्यक्रमातून होत असे त्याचा इतिहास मला पुढे कळला. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले, आणि १९६५ च्या सुमारास देशातील रुग्णसंख्या वर्षाला एक लाखापर्यंत खाली आली. त्यानंतर १९७६ मध्ये ती ६४ लाखांवर गेली. डीडीटी या कीटकनाशकाला न जुमानणारे डास हे त्याचे एक कारण सर्वांना ठाऊक असते. दुसरे कारण अहवालांत तितकेच स्पष्ट आहे, पण कमी बोलले जाते: कीटकनाशकाचा पुरवठा अपुरा होता आणि उशिरा पोहोचत होता, आणि घरोघर फिरून रुग्ण शोधण्याच्या कामात ढिलाई आली होती. मला हे प्रथम वाचताना फार वाईट वाटले होते. म्हणजे कुठल्या तरी गोदामात कुणी तरी वेळेवर मोजले नव्हते, कुठला तरी ट्रक पावसाआधी निघाला नव्हता, आणि त्याची किंमत वाकळेखाली थरथरणाऱ्या माणसांनी दिली होती.

ज्या डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी पाहिला तो सिकंदराबादला पाहिला, हेही येथे नोंदवावेसे वाटते. त्या काळी आमचा मराठवाडाही त्याच निजामी राज्याचा भाग होता. ही ओळख जगाला आपल्याच मुलखातून मिळाली आहे, आणि आमच्या भागातल्या शाळांमध्ये मुलांना ती आवर्जून सांगायला हवी असे मला वाटते.

मच्छरदाणी तर त्याहून कितीतरी जुनी. तिला कीटकनाशकाची जोड १९८० च्या दशकातील प्रयोगांनी दिली. सुरुवातीला साधी मच्छरदाणी औषधाच्या द्रावणात बुडवून वाळवीत आणि दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा बुडवावी लागे. गावोगाव टोपात द्रावण घेऊन बसणे, लोकांनी आपापल्या मच्छरदाण्या घेऊन येणे, हे पुरवठ्याच्या दृष्टीने जवळपास अशक्य काम होते. धाग्यातच किंवा धाग्यावर कीटकनाशक बसवलेली, प्रमाणित पद्धतीच्या २० धुण्यांनंतरही आणि ३ वर्षांच्या वापरानंतरही परिणामकारक राहणारी मच्छरदाणी आली आणि तेव्हापासून चित्र बदलले. माणसाच्या श्वासाच्या मागाने आलेला डास जाळीवर बसतो आणि मरतो. त्यामुळे गावात पुरेशा लोकांनी ती वापरली तर न वापरणाऱ्या शेजाऱ्यालाही थोडे संरक्षण मिळते. आफ्रिकेत २००० ते २०१५ या काळात हिवतापाचे जे रुग्ण टळले त्यांपैकी ६८ टक्के अशा मच्छरदाण्यांमुळे टळले, असा अंदाज संशोधकांनी मांडला आहे. आपल्या शेजारच्या छत्तीसगडपलीकडे ओडिशात २०१७ मध्ये एक कोटीहून अधिक मच्छरदाण्या वाटल्या गेल्या आणि पुढच्या वर्षी तिथली रुग्णसंख्या झपाट्याने खाली आली. एक कोटी म्हणजे ५० च्या दोन लाख गाठी. मी ही बातमी वाचली तेव्हा माझ्या मनात प्रथम त्या दोन लाख गाठींच्या पावत्याच आल्या.

किती मच्छरदाण्या लागतील हे ठरवण्याचे जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र असे आहे की लोकसंख्येला १.८ ने भागायचे. दोन माणसांमागे एक मच्छरदाणी हे उद्दिष्ट असते, पण ज्या घरात पाच माणसे आहेत तिथे अडीच मच्छरदाण्या देता येत नाहीत, तीन द्याव्या लागतात. म्हणून दोनाऐवजी १.८. एखाद्या गावात ४१२ माणसे असतील तर २२९ मच्छरदाण्या लागतात. आता २२९ म्हणजे चार गाठी आणि २९ सुट्या. वडिलांच्या वरच्या अर्धवट थरासारख्या या २९ मला रात्री आठवतात. पूर्ण गाठ सीलबंद असते आणि तिचा हिशेब सरळ असतो. फोडलेली गाठ मात्र एका उपकेंद्रातून दुसऱ्या गावाला, एका आशाताईच्या घरून दुसरीच्या घरी फिरत राहते, आणि जे काही कमी पडते ते बहुधा तिथेच कमी पडते. त्यात कुणाची लबाडी असतेच असे नाही. एखाद्या बाळंतिणीला मध्येच एक द्यावीशी वाटते, ती दिली जाते आणि लिहायची राहते. फोडलेल्या प्रत्येक गाठीला एक वेगळा कागद सुतळीने बांधायचा आणि ती गाठ जिथे जाईल तिथे तो कागद जायचा, ही पद्धत आम्ही त्यासाठीच लावली. मोंढ्यात पोत्याला चिठ्ठी बांधतात तशी.

तरीही माझी मोठी चूक या सुट्या गाठींत झाली नाही. ती यादीत झाली.

किनवट तालुक्यातल्या एका तांड्याची कुटुंबयादी आम्ही फेब्रुवारीत केली होती. प्रशिक्षणात सूचना मीच दिली होती की ज्या घराला कुलूप असेल ते सोडून द्या आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जा. आशाताई पंधरा दिवसांनी पुन्हा गेल्या. कुलपे तशीच होती. यादीत १८३ माणसे आली, त्यांच्या १०२ मच्छरदाण्या झाल्या, म्हणजे दोन गाठी आणि दोन सुट्या, आणि मी त्या आकड्यावर सही केली. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही तांड्यावरच्या शाळेत वाटपाला बसलो तेव्हा व्हरांड्यापासून हापशापर्यंत रांग लागली होती. दहाव्या घरापाशीच आशाताईंनी माझ्याकडे पाहिले. यादीत ज्या घरापुढे दोन नावे होती त्या घरून सहा माणसे आली होती, आणि यादीत नसलेली घरे तर मोजता येत नव्हती. मी वाटप थांबवले. तांड्याचे नाईक, वयस्कर गृहस्थ, बाजेवर बसून हे सर्व पाहत होते. ते उठून जवळ आले आणि जराही आवाज न चढवता म्हणाले, "बाई, तुम्ही आमची राखणीला ठेवलेली माणसं मोजली. माणसं तर कारखान्यावर होती."

फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा ऐन हंगाम. दिवाळीच्या आगेमागे निघालेल्या नवरा-बायकोच्या जोड्या मार्च-एप्रिलनंतरच परततात. त्या काळात तांड्यावर असतात ती म्हातारी माणसे आणि शाळेसाठी मागे ठेवलेली पोरे. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मराठवाड्यात जन्मून हे कुणाला ठाऊक नसते? ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर संसार लादून निघालेली माणसे मी दर वर्षी रस्त्यावर पाहत आले होते. पण ते ज्ञान माझ्या डोक्याच्या एका कप्प्यात होते आणि कुटुंबयादीचा नमुना दुसऱ्या कप्प्यात, आणि मी ते दोन्ही कधी एका ठिकाणी ठेवले नव्हते. यादी आर्थिक वर्षाच्या आत संपवायची होती, म्हणून ती फेब्रुवारीत झाली. मच्छरदाणी लागणार होती पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात तांडा भरलेला असतो.

त्या दिवशी काय करायचे हे नाईकांनीच ठरवले. ज्या घरात गरोदर बाई किंवा पाच वर्षांखालचे मूल आहे त्या घरांना आधी द्या, बाकीचे थांबतील, असे त्यांनी रांगेपुढे उभे राहून गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, सांगितले आणि रांग मोडली. कुणी कुरकूर केली नाही, ही गोष्ट मला आजही अवघड वाटते. संध्याकाळी आम्ही घरोघर जाऊन पुन्हा मोजले. ३४० माणसे होती. उरलेल्या मच्छरदाण्या तालुक्याच्या राखीव साठ्यातून आणि दुसऱ्या एका उपकेंद्राच्या शिल्लकेतून जमवून तांड्यावर पोहोचवायला ११ दिवस लागले, कारण मधल्या नाल्याला पूर होता. पुढच्या पंधरवड्यात थांबलेल्या घरांपैकी दोघांच्या रक्तात परजीवी सापडला. डास चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण दहा दिवस ते दोन आठवडे जातात, त्यामुळे त्यांना लागण त्या ११ दिवसांतच झाली असे मी म्हणू शकत नाही. झाली नाही असेही म्हणू शकत नाही. दोघेही औषधाने बरे झाले. ती नोंद मी वहीतून फाडलेली नाही.

त्या प्रसंगानंतर आम्ही यादीच्या नमुन्यात एक प्रश्न वाढवला. घरात माणसे किती, हा प्रश्न राहिलाच, पण त्याखाली आशाताई आता असे विचारतात: "पाऊसकाळात रात्री तुमच्याकडं अंथरुणं किती पडतात आणि कुठं?" या प्रश्नाचे उत्तर देताना पुरुष अडखळतात. बाया एका दमात सांगतात, कारण अंथरुणे त्याच घालतात आणि त्याच काढतात. दोन आत, एक ओसरीवर बाजेवर सासऱ्याचे, एक गोठ्यात, आणि एक रानात माळ्यावर, जागलीला. रानडुकरांचा त्रास वाढल्यापासून ज्वारी-मक्याच्या राखणीला जाणारा माणूस हंगामभर घरात झोपतच नाही. आणि धाब्याच्या घरात राहणाऱ्या खालच्या तालुक्यांत तर पावसाने उघडीप दिली की निम्मे घर माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, झोपायला जाते. सहा माणसांच्या घरात सूत्राने तीन किंवा चार मच्छरदाण्या येतात, पण अंथरुणे पाच निघतात. सूत्र बदलण्याचा अधिकार आमच्या पातळीवर नाही आणि ते सरसकट बदलावे असे माझे म्हणणेही नाही, कारण पुरवठा शेवटी मोजकाच असतो. पण शिल्लक कुठे द्यायची, हा निर्णय आता आम्ही या प्रश्नाच्या उत्तरावरून घेतो, आणि जागलीला जाणाऱ्याचे अंथरुण आधी धरतो. क्युलिसिफेसीस मुख्यतः रात्री चावतो, गोठ्याजवळ घुटमळतो, आणि माळ्यावरचा एकटा माणूस त्याला अंधारात आयता सापडतो.

पावसाआधी माल पोहोचवणे हे या कामाचे दुसरे टोक. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि एका चांगल्या पावसानंतर चाक धरून ठेवते. मोठा ट्रक तालुक्याच्या पुढे नेऊ नये, हे मी पहिल्याच वर्षी शिकले. तालुक्यापासून पुढे छोटा हत्ती, त्याच्यापुढे जिथे डांबर संपते तिथे ट्रॅक्टर, आणि दोन पाड्यांना बैलगाडीच. बैलगाडीचे भाडे कोणत्या खर्चात दाखवायचे यावर तीन पत्रे लिहावी लागली. दर हजार लोकसंख्येमागे वर्षाला किती रुग्ण सापडले यावरून गावे निवडली जातात, आणि ज्या गावांचा आकडा सर्वांत वाईट असतो ती नेमकी रस्त्याच्या शेवटी असतात. म्हणून आम्ही वाटपाची सुरुवात शेवटच्या गावापासून करू लागलो आणि तालुक्याच्या ठिकाणाजवळची गावे शेवटी ठेवली. सोपी गावे आधी संपवली की अहवालातली टक्केवारी लवकर चढते, पण मृगाचा पाऊस त्या टक्केवारीसाठी थांबत नाही.

तांत्रिक साहाय्याचे बहुतेक काम दूरध्वनीवर होत असे. नोंदणी भ्रमणध्वनीवर करायची होती आणि डोंगराच्या कुशीतल्या गावांत नेटवर्क नव्हते. काही आशाताई संध्याकाळी टेकडीवर चढून दिवसभराच्या नोंदी पाठवीत. एका ताईंच्या फोनमधून एका पूर्ण पाड्याच्या नोंदी नाहीशा झाल्या तेव्हा त्यांचा रडवेला आवाज मी ऐकला आहे. त्यांनी सवयीने वहीतही लिहून ठेवले होते म्हणून तो पाडा वाचला. तेव्हापासून वही आधी आणि फोन नंतर असा क्रम मी प्रशिक्षणात सांगते.

मच्छरदाणीविषयी सांगायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या कुणी समोर बसून सांगाव्या लागतात. नवी मच्छरदाणी पिशवीतून काढल्यावर एक दिवस सावलीत मोकळी टांगायची, नाहीतर पहिल्या रात्री चेहऱ्याला चुणचुण होते आणि त्या एका रात्रीमुळे माणूस ती कायमची गुंडाळून ठेवतो. धुवायची ती साध्या साबणाने, थंड पाण्यात, वाळवायची सावलीत, कारण उन्हाने औषध लवकर कमी होते. नदीत किंवा तळ्यात धुवायची नाही, कारण हे औषध माशांना मारते. पैनगंगेकाठच्या मासेमारी करणाऱ्या घरांना हे एकदा सांगितले की पुन्हा सांगावे लागत नाही. रिकामी प्लॅस्टिकची पिशवी धान्याला किंवा पिठाला वापरायची नाही, म्हणून आम्ही वाटपाच्या जागीच पिशव्या काढून घेतो आणि त्यांचा वेगळा हिशेब ठेवतो. आणि खिळे. चौकोनी मच्छरदाणीला चार टोके लागतात. कुडाच्या भिंतीत खिळा बसत नाही आणि पत्र्याच्या घरात वर बांधायला काही नसते, म्हणून मच्छरदाणीबरोबर सुतळीचे चार तुकडे देण्याचा आग्रह मी धरला. तो खर्च मंजूर झाला नाही, तेव्हा एका शाळेतल्या मुलांनी घरोघरची जुनी सुतळी जमवून आणली. डेंग्यूलाही ही चालते का, असे पुष्कळजण विचारतात. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे दुपारी झोपणाऱ्या बाळावर ती जरूर टाका, पण पाण्याची भांडी झाकणे आणि आठवड्यातून एकदा कोरडी करणे याला ती पर्याय नाही, एवढेच खरे उत्तर आहे.

सहा महिन्यांनी आम्ही पुन्हा घरोघर जातो. मच्छरदाणी आहे का, टांगलेली आहे का, काल रात्री तिच्याखाली कोण झोपले होते, आणि तिला भोके किती. भोके मोजण्याची एक पद्धत जगभर वापरली जाते आणि ती मला फार आवडते, कारण तिला कुठलेही उपकरण लागत नाही: अंगठ्याहून लहान, अंगठ्याहून मोठे पण मुठीहून लहान, मुठीहून मोठे पण डोक्याहून लहान, आणि डोक्याहून मोठे. आमच्याकडे भोके पडतात ती बहुधा बाजेच्या कोपऱ्यांवर, चुलीच्या ठिणगीने आणि उंदरांमुळे. बाजेच्या खुरांना चिंधी गुंडाळा, एवढी सूचना दिली तरी पुष्कळ फरक पडतो. काही घरांत मच्छरदाणी कोंबडीच्या पिलांवर किंवा मिरचीच्या रोपांवर दिसते. त्यावर रागावणारे पुष्कळ कार्यकर्ते मी पाहिले आहेत. मी आधी ती कोणत्या वाटपातली आहे हे पाहते, आणि दहांतल्या बहुतेक वेळा ती जुनी, फाटून गेलेली असते. एक काळजी मात्र मला खरोखरच आहे. ज्या गटातली कीटकनाशके या मच्छरदाण्यांत वर्षानुवर्षे वापरली गेली त्यांना काही ठिकाणचे डास सरावत चालले आहेत, आणि म्हणून दोन निरनिराळ्या घटकांची मच्छरदाणी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये शिफारशीत घेतली. डीडीटीच्या वेळी आपण उशिरा जागे झालो होतो.

त्या तांड्यावर मी दिवाळीनंतरच्या आठवड्यात पुन्हा गेले, सर्वेक्षणाच्या आधी. ट्रॅक्टर येऊन उभा होता आणि ट्रॉलीत कोपीचे, म्हणजे ऊसतोडीच्या ठिकाणच्या झोपडीचे, बांबू, प्लॅस्टिकचा कागद, ज्वारीची पोती, कळशा चढत होत्या. नाईकांच्या धाकट्या सुनेने आपले गाठोडे सोडून मला दाखवले. तव्याखाली, लेकराच्या कपड्यांत घडी घालून, निळी मच्छरदाणी ठेवली होती. तिने विचारले, "ताई, ही तिकडं नेली तर चालंल का? तिकडं कोपीत लई मच्छर. आशाताई म्हनल्या, घराची हाय, घरातच ठेवा."

नियमाने ती घराची होती. सर्वेक्षणात त्या घराला कुलूप असणार होते, आणि नमुन्यात मच्छरदाणी न दिसण्याची कारणे दिली होती ती इतकीच: फाटली, विकली, दुसऱ्याला दिली, हरवली, इतर. मी तिला ती न्यायला सांगितले, चार तुकडे सुतळी माझ्या पिशवीतून काढून दिली, आणि कोपीत बांबूला कशी बांधायची ते ट्रॉलीच्या कठड्यावर बांधून दाखवले. ट्रॅक्टर सुरू झाला तसे तिने गाठोडे पुन्हा बांधले. मग मी ओट्यावर बसून तिच्या घराचा कागद काढला आणि 'इतर' या रकान्यात लिहिले: सोबत नेली, अंथरुणे २, परत येणार एप्रिलमध्ये.